क्वार्टरबॅकला किती वर्षं द्यायची?

एडिसनकर
ऑक्टोबर २०१९, सोमवारची रात्र, अमेरिकन फुटबॉलचा सामना. आमच्या न्यू यॉर्क जेट्सच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये अगदी वरच्या रांगेत होतो. पेट्रियट्सनी जेट्सना ३३-० धुतलं, आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून हल्ला चालवणारा, सॅम डार्नल्ड. त्याने चार इंटरसेप्शन दिले, म्हणजे चार पास थेट विरोधकांच्या हातात. घरी येऊन टीव्ही लावला तर हाच पोरगा बेंचवर बसून म्हणतोय, "मला भुतं दिसतायत." अंगावर माइक होता, ईएसपीएनने ते दाखवलं आणि सगळीकडे हसं झालं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? तो २२ वर्षांचा होता.

२०२१ मध्ये जेट्सनी त्याला कॅरोलिनाला देऊन टाकला. २०२४ मध्ये त्यानेच मिनेसोटाला १४ सामने जिंकून दिले. आता कॅरोलिनाने त्याच वर्षी ब्राइस यंगचं काय केलं बघा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या नंबरने घेतलेला क्वार्टरबॅक, दुसऱ्या सीझनला दोन सामन्यांत बेंचवर! माझं म्हणणं, तीन वर्षं हात लावू नका.

पक्या_ह्यूस्टन
अहो, जेट्सनी डार्नल्डला तीनच वर्षं दिली की! २०१८, १९, २०. काय मिळालं?

आणि पैशाचं गणित कोण बघणार? लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारापासून रुकीचा, म्हणजे नव्या खेळाडूचा, पगार बांधलेला, चार वर्षांचा. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचं काय ते तिसरा सीझन संपला की ठरवायचं. क्वार्टरबॅक स्वस्तात आहे तोवरच बाकीची टीम भरून घेता येते. तुमची तीन वर्षं म्हणजे सगळा स्वस्ताईचा काळ वाट बघण्यात गेला. ॲरिझोनाने त्यांचा क्वार्टरबॅक जॉश रोझेनला एका वर्षात हलवलं, लोक निर्दयी म्हणाले. पुढे तो कुठे टिकला का?

चिंगी_कॅन्सस
मुळात खेळवताच कशाला लगेच? आमचा माहोम्स २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, सीझनचा शेवटचा एक सामना खेळला. पुढच्या वर्षी ५० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे. ग्रीन बेमध्ये रॉजर्स तीन वर्षं फार्वच्या मागे, मग लव्ह तीन वर्षं रॉजर्सच्या मागे. मुरू द्या की जरा.

सदूभाऊ
चिंगीताई, मुरायला बरणी तरी धड हवी. तुमच्याकडे अँडी रीडसारखा कोच होता आणि टीम आधीच प्लेऑफची. पेटन मॅनिंग १९९८ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळला, २८ इंटरसेप्शन, तीन विजय, तेरा पराभव. पुढच्या वर्षी १३-३. तो कुठे बसला होता?

डेव्हिड कार आठवतो का कुणाला? २००२, ह्यूस्टनची नवी कोरी टीम, एका सीझनमध्ये ७६ सॅक, म्हणजे पास सोडायच्या आधीच ७६ वेळा आडवा. असा मार खाल्लेला माणूस पास झेलणाऱ्या रिसीव्हरकडे बघत नाही, अंगावर येणाऱ्यांकडे बघतो. भुतं म्हणतात ती हीच. यंगला पहिल्या वर्षी ६२ सॅक, वर ११ सामन्यांत कोच घरी. याउलट बफेलोचा जॉश ॲलन. पहिल्या वर्षी शंभरातले जेमतेम ५३ पास पोचायचे, तिसऱ्या वर्षी ६९. तोच हेड कोच, खेळ आखणारा ब्रायन डेबोलही तोच, आणि २०२० मध्ये रिसीव्हर स्टिफॉन डिग्ज आणून दिला. धीर धरायचाच तर कोचच्या बाबतीत धरा.

पक्या_ह्यूस्टन
बफेलो जिंकायला लागली म्हणून कोच टिकला हो. हरणाऱ्याला कुठला मालक ठेवतो? आणि आमचा स्ट्राउड? यंगच्याच ड्राफ्टमधला, दुसऱ्या नंबरचा. कोचचंही पहिलंच वर्ष. आदल्या सीझनला तीन सामने जिंकलेली टीम प्लेऑफमध्ये एक सामना जिंकून आली. त्याला कुणी मुरवलं?

चिंगी_कॅन्सस
स्ट्राउडसारखे किती निघतात? आणि यंगचं अर्धंच सांगताय. पाच सामने बसला, मग त्याच्या जागी खेळणाऱ्या डाल्टनच्या गाडीला अपघात होऊन डाल्टनचा अंगठा दुखावला म्हणून परत आला. तेव्हाचा यंग बघा, पॉकेटमध्ये, म्हणजे रक्षकांच्या कड्यात, पाय रोवून उभा राहायला लागला. बेंचने त्याचं भलंच केलं.

एडिसनकर
पक्या, तीन वर्षांचं चुकलं माझं, मान्य. पण यंग बेंचमुळे सुधारला हे नाही पटत. २०२४ मध्ये त्याला वाचवणाऱ्या पुढच्या लाइनमध्ये दोन गार्ड नवे होते, कोचही नवा.

डार्नल्डची हिरवी १४ नंबरची जर्सी अजून कपाटात आहे. मिनेसोटातही त्याचा नंबर तोच, सीॲटलमध्येही तोच. बायको म्हणते, रंग तेवढा बदलून घ्या.