देव सार्वभौम आहे, म्हणून दवाखान्यात जायचं नाही?

नगरची लेक
सर्वांना सलाम. काल इथे एका भावांनी लिहिलं, "देव सार्वभौम आहे हे ज्याला कळलं तो धावपळ करत नाही. धावपळ म्हणजे अविश्वास." खाली आमेनची रांग लागली. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

आईला खूप वर्षांपासून शुगर आहे. गेल्या पावसाळ्यात अंगठ्याला जखम झाली. घरी प्रार्थनेला येणाऱ्या एका सेवकांनी सांगितलं, एकवीस दिवस उपास-प्रार्थना करा, तोवर दवाखाना नको, नाहीतर विश्वास अर्धा ठरतो. मी पुण्यात, मला कोणी कळवलं नाही. सोळाव्या दिवशी शेजारच्या काकूंना वास आला आणि त्यांनी फोन केला. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. भेटायला आल्यावर तेच सेवक म्हणाले, "देवाची योजना."

बायबलमधल्या आजारी हिज्कीया राजाला आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून देण्याचं वचन खुद्द देवाने दिलं होतं. तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावलीच ना? यशयाचा विश्वास अर्धा होता का?

शिलोह
ताई, ते वाक्य माझं. आईंचं वाचून फार वाईट वाटलं. पण दवाखान्यात जाऊ नका असं मी कुठे लिहिलं?

वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. चौदा महिने मी तीन शहरांतले दवाखाने पालथे घातले, अर्धा एकर विकला. वडील म्हणायचे, "बाळा, जरा बस माझ्यापाशी." मी फाइल घेऊन कुठल्यातरी रांगेत. ते गेले तेव्हाही मी रिपोर्ट आणायला गेलो होतो. परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ, हे स्तोत्र १२७ मी लहानपणापासून पाठ म्हणतो. कळलं त्या दिवशी.

नगरची लेक
तुमचं दुःख मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण तुम्हाला वडिलांजवळ बसता आलं नाही, म्हणून माझ्या आईने घरात बसून राहायचं?

साधा सभासद
"देवाची इच्छा" या दोन शब्दांवर मलाही बोलायचं आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कंपाउंडची मागची जागा विकली गेली. मिशनच्या काळातली, चिंचेची झाडं असलेली. सभेत विचारलं, ठराव कुठे आहे, तर पंच उठून म्हणाले, "प्रभू देतो, प्रभू घेतो." अहो, प्रभूने घेतली की बिल्डरने? विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही. परवानगीचा कागद दाखवा म्हटलं की "बंधू, प्रार्थनेत राहा."

मध्यस्थी
काका, प्रत्येक धाग्यात तुमची जमीन आणू नका. मंडळीची भांडणं चव्हाट्यावर आणणं हे ख्रिस्ती माणसाचं काम नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं आहे, भाऊ भावावर फिर्याद करतो हीच मुळात हार.

साधा सभासद
त्याच पौलाने कैसराकडे, रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली होती! आणि चव्हाटा कसला? माझ्या आजोबांची कबर त्या जागेच्या कुंपणाला लागून आहे. उद्या तिथे पार्किंग झालं तर तुम्ही कोणतं वचन सांगणार?

मध्यस्थी
आवाज चढवून देवाचं राज्य येत नाही. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन भरवशावर चालवलं. शेकडो मुली जेवत होत्या ते गुडघ्यावरच्या प्रार्थनेने.

केडगाव लाइन
रमाबाईंचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, माझी पणजी तिथे वाढली. १८९६ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. मुली आपोआप केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, आल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग दवाखान्यातल्या कारभाराबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत ते काम सोडलं नाही. प्रार्थना तर होतीच. पणजी सांगायची, पहाटेची प्रार्थना आटोपली की लगेच रहाट ओढायला पाळी लागायची.

साधा सभासद
जाब विचारला! वाचलंत?

मध्यस्थी
त्यांनी जाब परक्या सरकारला विचारला, आपल्या पंचांना नाही. बरं, तुमच्या कागदाची मागणी चुकीची आहे असं मी म्हटलेलं नाही. तुमची भाषा चुकीची आहे.

साधा सभासद
सहा वर्षं गोड भाषेत विचारलं. सगळ्या अर्जांच्या पोचपावत्या आहेत माझ्याकडे.

शिलोह
मूळ मुद्द्यावर येतो. प्रेषितांची कृत्ये २७ काल पुन्हा वाचलं. देवदूताने पौलाला सांगितलं होतं, तारवातल्या कोणाच्याही जिवाला धोका नाही. २७६ माणसं. तरी खलाशी होडी सोडून पळू लागले तेव्हा तोच पौल शताधिपतीला, रोमी शिपायांच्या नायकाला, म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. मग शिपायांनी दोर कापले. वचन पक्कं होतं आणि दोरही कापावे लागले. हे माझ्या पोस्टमध्ये यायला हवं होतं, एवढं मान्य. पण वादळात पौल भाकर मोडून शांतपणे जेवतो, तेही त्याच अध्यायात आहे, ताई. मी त्याबद्दल लिहिलं होतं.

नगरची लेक
तुम्ही त्याबद्दल लिहिलं असेल. पण "धावपळ म्हणजे अविश्वास" हे वाक्य माझ्या आईसारख्या बाईने वाचलं तर तिला पौलाची भाकर आठवणार नाही, तिला एकवीस दिवस आठवतील. ती अजून म्हणते, "पाच दिवस राहिले होते, तुम्ही मध्येच नेलंत." माझ्यावर रागावली आहे ती. त्या सेवकांवर नाही.

शिलोह
वाक्य बदललं आहे. "धावपळ"च्या जागी "चिंता" केलं.

नगरची लेक
"चिंता" चालेल. पण काल ज्यांनी आमेन लिहिलं त्यांतले किती जण ते परत येऊन वाचणार?