हार्डवेअर कीने सकाळी लॉगिन झालं, पुढच्या आठ तासांचं काय?

प्रश्न : गस्तवाला

सुमारे दोनशे लॅपटॉप आहेत, बहुतेक विंडोज आणि थोडे लिनक्स. सगळ्यांना फिडो२ की (पासवर्डऐवजी वापरायच्या हार्डवेअर की) दिल्या आहेत, पासवर्ड बंद केले आहेत. पण की लागते ती फक्त लॉगिनला. मग सेशन दिवसभर तसंच चालू राहतं. मधल्या वेळात खुर्चीवर कोण बसलंय किंवा कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) कुणी उचलली का, याची तपासणी कुठेच होत नाही. झीरो ट्रस्टमध्ये (कुणावरही गृहीत विश्वास न ठेवता सतत तपासण्याची पद्धत) हे चालणार नाही. तीन प्रस्ताव समोर आहेत: दर १५ मिनिटांनी की टॅप करायला लावणं, माणूस लांब गेला की लॉक करणारा ब्लूटूथ बॅज, आणि टायपिंगच्या लयीवरून माणूस ओळखणारं सॉफ्टवेअर. काय घ्यावं?

प्रतिसाद १ : कूटलिपी

दर १५ मिनिटांचा टॅप नकोच. हा आकडा बहुधा एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-६३बी या दस्तऐवजातून आला असणार. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत सर्वांत वरच्या पातळीसाठी १२ तासांनी पुन्हा ओळख पटवायची आहे, आणि १५ मिनिटं काहीच हालचाल नसेल तरीही. काम चालू असताना दर १५ मिनिटांनी विचारा, असं त्यात कुठेही नाही.

त्याहून मोठी अडचण अशी, की कुकी चोरीला गेली असेल तर खऱ्या माणसाच्या टॅपने चोराचंही सेशन लांबतं, कारण दोघांकडे कुकी एकच आहे. शिवाय दिवसातून तीस वेळा टॅप करणारा माणूस एकतिसावी विनंती मालवेअरकडून आली तरी हात लावून मोकळा होतो. कीवर स्क्रीन नसते, विनंती कसली आहे हे तिथे दिसत नाही.

म्हणून आधी सेशन यंत्राला बांधा. टीपीएममध्ये (लॅपटॉपमधली सुरक्षा चिप) बाहेर न काढता येणारी खाजगी की तयार करा आणि टोकन (सेशनचा डिजिटल परवाना) तिच्याशी जोडा. त्यासाठी म्युच्युअल टीएलएस (दोन्ही बाजू प्रमाणपत्र दाखवतात), म्हणजे आरएफसी ८७०५, किंवा डीपॉप (प्रत्येक विनंतीवर कीची सही), म्हणजे आरएफसी ९४४९, यांतलं एक निवडा. मग टोकन दुसऱ्या यंत्रावर नेलं तरी निरुपयोगी. इथे हमखास चुकतं ते असं: टीएलएस लोड बॅलन्सरवरच (सर्व्हरांपुढे विनंत्या वाटून देणारं यंत्र) संपतं, मागच्या सर्व्हिसला प्रमाणपत्र दिसतच नाही, आणि ती टोकन न पडताळता स्वीकारते. प्रमाणपत्राचा हॅश (गणिती ठसा) विनंतीच्या हेडरमधून मागे पाठवा, आणि बाहेरून आलेला त्याच नावाचा हेडर लोड बॅलन्सरवरच काढून टाका.

त्याच यंत्रावर बसलेल्या मालवेअरला हे अडवत नाही. त्याला की चोरता आली नाही तरी वापरता येते. त्यासाठी यंत्राची तब्येत सतत कळवणारा एजंट हवा, आणि तब्येत बिघडताच सेशन तोडणारी यंत्रणाही. ओपनआयडीच्या केप प्रोफाइलमध्ये (अशा घडामोडी ॲप्सना कळवण्याचं मानक) 'सेशन रद्द' आणि 'डिव्हाइसची अनुरूपता बदलली' असे इव्हेंट आहेतच. जी ॲप्स ते ऐकत नाहीत, त्यांचं ॲक्सेस टोकन ५ ते १० मिनिटांचं ठेवा. जेडब्ल्यूटी (सही केलेलं टोकन) ॲपमध्ये जागच्या जागी पडताळलं जातं, त्यामुळे तुम्ही रद्द केलेलं ॲपला मुदत संपेपर्यंत कळत नाही.

हार्डवेअर की जोखमीच्या कामाच्या वेळीच मागा: प्रॉडक्शनमध्ये बदल, पेमेंट मंजुरी, नवीन की नोंदवणं. तिथे यूझर व्हेरिफिकेशन 'रिक्वायर्ड' ठेवा आणि उत्तरातला यूव्ही (यूझर व्हेरिफिकेशन) फ्लॅग सर्व्हरवर स्वतः तपासा. नुसता यूपी (यूझर प्रेझेन्स) फ्लॅग सांगतो की कुणीतरी हात लावला. पिन किंवा बोट तपासलं गेलं हे यूव्हीवरूनच कळतं.

प्रतिसाद २ : तरंगलांबी

वरच्याशी सहमत. उरलेल्या दोन प्रस्तावांबद्दल लिहितो.

ब्लूटूथचा बॅज सिग्नलच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधतो. बॅज मागच्या खिशात गेला, मध्ये शरीर आलं की जोर लगेच पडतो आणि जागेवर बसलेल्याचा लॅपटॉप लॉक होतो. उंबरठा सैल केला तर पलीकडच्या खोलीतूनही माणूस 'जवळ' दिसतो. सिग्नल रिले करून अंतर खोटं दाखवता येतं ते वेगळंच. म्हणून बॅज फक्त लॉक करण्यासाठी वापरा, अनलॉकसाठी कधीही नाही. अंतरावर खरंच विसंबायचं असेल तर अल्ट्रा-वाइडबँड, ८०२.१५.४झेड मानकाचं घ्या. त्यात सिग्नलच्या प्रवासाची वेळ मोजतात. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते, त्यामुळे रिलेने लावलेला उशीर अंतर वाढवूनच दाखवतो.

टायपिंगच्या लयीचं गणित करून बघा. दर तपासणीला खऱ्या माणसाला नाकारण्याची शक्यता १ टक्का धरा. दर ५ मिनिटांनी तपासलं तर आठ तासांत ९६ तपासण्या होतात. एकही चुकीचा नकार न येण्याची शक्यता ०.९९ चा ९६ वा घात, म्हणजे सुमारे ३८ टक्के. रोज दर दहांतले सहा जण विनाकारण अडकणार. लयीवरून मिळालेल्या गुणाने थेट लॉक करू नका. तो जोखमीच्या गुणांकात मिसळा आणि गुणांक चढला तर की मागा.

गस्तवाला

धन्यवाद. मग की उपटली की लॉक, एवढं तरी लगेच करता येईल का? आणि एसएसएचचं (सर्व्हरवर दूरून लॉगिन करण्याची पद्धत) काय?

प्रतिसाद ३ : मूळखाते

विंडोजमध्ये स्मार्ट कार्ड काढल्यावर लॉक करण्याची पॉलिसी आहे, पण ती स्मार्ट कार्डने केलेल्या लॉगिनलाच लागते. फिडो२ ने आत आलात तर की उपटली तरी स्क्रीन उघडीच राहते. तुमच्या कीमध्ये पीआयव्ही (कीला स्मार्ट कार्डसारखं वापरण्याची सोय) असेल तर लॉगिन त्यावर न्या आणि 'स्मार्ट कार्ड रिमूव्हल पॉलिसी' ही सर्व्हिस ऑटोमॅटिकवर ठेवा. ती बंद असेल तर पॉलिसी लावूनही काही होत नाही.

लिनक्सवर यूडेव्हच्या (उपकरण जोडलं-काढलं की नियम चालवणारी सेवा) 'रिमूव्ह' इव्हेंटवर लॉगिनसीटीएल कमांडचं लॉक-सेशन्स चालवा. नियमात व्हेंडर आयडी जुळवताना एन्व्ह (इव्हेंटसोबत आलेली माहिती) वापरा, ॲटर (सिस्एफएसमधून वाचलेली माहिती) नको. की निघाली तेव्हा सिस्एफएसमधली (जोडलेल्या उपकरणांची चालू यादी) नोंदही गेलेली असते, म्हणून ॲटरचा नियम कधीच जुळत नाही. ढिल्या यूएसबी हबवर हाच इव्हेंट उगाच येतो, तेव्हा की थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्येच लावा.

एसएसएचमध्ये ओपनएसएसएच ८.२ पासून हार्डवेअर कीवर चालणाऱ्या 'एसके' प्रकारच्या कीज आहेत. पिनसाठी की तयार करतानाच 'व्हेरिफाय-रिक्वायर्ड' द्या. पण कंट्रोल-मास्टर (एकच जोडणी पुन्हा वापरण्याची सोय) चालू असेल तर पहिल्या जोडणीनंतरच्या सगळ्या जोडण्या टॅपशिवाय आत जातात. म्हणून कंट्रोल-मास्टरच बंद करा. अल्पायुषी प्रमाणपत्राची मुदत संपली तरी चालू सेशन आपोआप तुटत नाही. ते बास्टियनवरून (मध्ये बसवलेल्या सर्व्हरवरून) मारावं लागतं.