पायथनमधील फंक्शन: उत्तर पडद्यावर दिसते, पण बेरजेत का येत नाही?

जमाखर्च:

नमस्कार. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून गेले दोन महिने स्वतःच पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत आहे. आमच्या बचत गटाचा हिशेब आजवर वहीत ठेवला जातो. त्यातील व्याजाची आकडेमोड तरी संगणकावर आणावी, या हेतूने मी माझे पहिले फंक्शन, म्हणजे नाव देऊन हवे तेव्हा वापरता येणारा कोडचा तुकडा, लिहिले. गटात कर्जावर दरमहा शेकडा २ रुपये सरळव्याज आकारले जाते. खालील कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत देत आहे. प्रत्यक्षात डेफ, प्रिंट हे शब्द आणि आकडे रोमन लिपीतच टंकले आहेत. फंक्शनचे आणि चलांचे नाव मात्र खरोखरच मराठीत ठेवले आहे.

डेफ व्याज(मुद्दल, दर, महिने):
    प्रिंट(मुद्दल * दर * महिने / १००)

व्याज(५०००, २, ३) असे लिहिल्यावर ३००.० आणि व्याज(८०००, २, ५) असे लिहिल्यावर ८००.० असे उत्तर मिळते, व दोन्ही वहीशी जुळतात. दोन्ही सभासदांचे मिळून व्याज काढण्यासाठी मी पुढील ओळ लिहिली.

एकूण = व्याज(५०००, २, ३) + व्याज(८०००, २, ५)

पडद्यावर आधी ३००.० आले, मग ८००.० आले, आणि लगेच त्याखाली टाइपएरर आला. नन-टाइप आणि नन-टाइप यांची बेरीज करता येत नाही, अशा अर्थाचा तो संदेश आहे. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर दिसत असताना बेरीज का होऊ नये, हे मला उमगत नाही. मराठी नावांमुळे तर हे होत नसेल ना?

सातवी_ओळ:

मराठी नावांचा यात काहीही दोष नाही. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून चलांची व फंक्शनची नावे देवनागरीत ठेवता येतात. इतकेच नव्हे, तर वापरणाऱ्याने इनपुटमध्ये ५००० हा आकडा मराठी अंकांत टंकला, तरी मजकुराचा पूर्णांक करणारे इंट हे फंक्शन तो बिनतक्रार स्वीकारते. कोडमध्ये थेट लिहायचे आकडे मात्र आपण लिहिले आहेत तसे रोमन अंकांतच हवेत.

आता मूळ मुद्दा. आपल्या फंक्शनने व्याज काढले, पडद्यावर दाखवले आणि विसरून गेले. आपण वाणिज्य शाखेच्या आहात, म्हणून असे म्हणतो: कारकुनाने रक्कम मोठ्याने वाचून दाखवली, पण व्हाउचर आपल्या हाती दिलेच नाही, मग ती खतावणीत चढवणार कशी? प्रिंट हे माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. ज्या ओळीने फंक्शनला बोलावले, त्या ओळीच्या हाती उत्तर द्यायचे असेल तर रिटर्न लिहावे लागते. ज्या फंक्शनमध्ये रिटर्न नाही, ते पायथनमध्ये नन नावाची एक रिकामी किंमत परत करते, आणि आपल्या बेरजेच्या ओळीला दोन्ही बाजूंना तेच मिळाले. गणिताच्या मराठी परिभाषेत फंक्शनला ‘फल’ किंवा ‘फलन’ म्हणतात. त्या न्यायाने आपले फंक्शन सध्या शब्दशः निष्फळ आहे.

डेफ व्याज(मुद्दल, दर, महिने):
    रिटर्न मुद्दल * दर * महिने / १००

एवढा एक शब्द बदलल्यावर बेरीज ११००.० येईल. पडद्यावर दाखवायचे असेल तेव्हा फंक्शनच्या बाहेर प्रिंट(एकूण) लिहावे. व्याज काढणे हे एक काम आणि ते दाखवणे हे दुसरे. ती दोन्ही एकाच फंक्शनवर लादली, तर उद्या तेच व्याज फाइलमध्ये लिहायचे किंवा पुढच्या हप्त्यात मिळवायचे म्हटले की पुन्हा अडचण येते.

कंसातला_कंस:

वरील उत्तर बरोबरच आहे. हा गोंधळ इतका सार्वत्रिक का आहे, तेवढे सांगतो. बहुतेकजण पहिले फंक्शन पायथनच्या संवादी खिडकीत, म्हणजे तीन बाणांच्या चिन्हापुढे, लिहून पाहतात. त्या खिडकीची सवय अशी आहे की टंकलेल्या ओळीची जी काही किंमत निघेल, ती ती स्वतःहून दाखवते. नन असेल तरच गप्प बसते. त्यामुळे फंक्शनमध्ये प्रिंट लिहिले काय आणि रिटर्न लिहिले काय, शिकणाऱ्याला दोन्ही वेळा ३००.० हेच दिसते आणि दोन्ही शब्द एकच वाटू लागतात.

फरक पाहायचा असेल तर संख्येऐवजी एखादे नाव परत करणारे फंक्शन लिहून पाहा. रिटर्न वापरल्यास खिडकीत ते नाव अवतरणचिन्हांसह उमटते, प्रिंट वापरल्यास अवतरणचिन्हांविना. तीच ओळ फाइलमध्ये लिहून चालवली, तर रिटर्नच्या बाबतीत पडद्यावर काहीच येत नाही. मी शिकवणी घेतो तेव्हा पहिल्याच दिवशी हे करून दाखवतो, कारण नंतर समजावण्यात दुप्पट वेळ जातो.

जमाखर्च:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बेरीज आली. उत्साहाच्या भरात मी १४ सभासदांची यादी घेऊन सर्वांचे एकूण व्याज काढणारे दुसरे फंक्शन लिहिले आणि पुन्हा अडकले. या वेळी एरर नाही, पण उत्तर केवळ पहिल्या सभासदाचे, म्हणजे ३००.० एवढेच येते.

डेफ एकूण_व्याज(कर्जे):
    बेरीज = ०
    फॉर मुद्दल, महिने इन कर्जे:
        बेरीज = बेरीज + व्याज(मुद्दल, २, महिने)
        रिटर्न बेरीज

सातवी_ओळ:

आपली शेवटची ओळ एक पायरी डावीकडे न्या, म्हणजे ती फॉरच्या सरळ रेषेत येईल. सध्या ती फॉरच्या, म्हणजे प्रत्येक सभासदासाठी पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, पोटात आहे, त्यामुळे पहिला सभासद झाला की फंक्शन संपते आणि उरलेल्या तेरा जणांपर्यंत पाळी पोहोचतच नाही.

रिटर्न हा शब्द दोन कामे करतो, आणि माझ्या मागील उत्तरात मी एकच सांगितले, ही माझी चूक. तो किंमत हाती देतो, आणि त्याच क्षणी फंक्शनमधून बाहेरही पडतो. किंबहुना इतिहासात हे दुसरे काम आधीचे आहे. केंब्रिजमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक या संगणकात ‘जेथून आलास तेथे परत जा’ अशी आज्ञाच नव्हती. डेव्हिड व्हीलर यांनी त्यावर युक्ती काढली: मुख्य प्रोग्रामने उपप्रोग्रामकडे (आजच्या भाषेत फंक्शनकडे) उडी मारण्यापूर्वी आपला पत्ता संचायकात, म्हणजे आकडेमोडीची किंमत जिथे राहते त्या जागेत, ठेवायचा, आणि उपप्रोग्रामने सर्वांत आधी त्या पत्त्यावरून परतीची आज्ञा रचून ती स्वतःच्या शेवटच्या जागी लिहून ठेवायची. ही उडी पुढे व्हीलर यांच्याच नावाने ओळखली गेली. आज तेवढे सगळे रिटर्न या एका शब्दात मावते, म्हणूनच तो कोणत्या रकान्यात लिहिला आहे याकडे नीट पाहावे लागते.

चौथा_मजला:

आपण यादी हाताळू लागलाच आहात, म्हणून एक सावधगिरीची सूचना. मी आमच्या गृहसंस्थेच्या थकबाकीदारांची यादी करण्यासाठी असे फंक्शन लिहिले होते: डेफ नोंद(नाव, यादी=[]). यादी दिली नाही तर रिकाम्या यादीपासून सुरुवात व्हावी, ही माझी कल्पना. एकाच वेळी सलग दोन महिन्यांच्या याद्या काढल्या, तेव्हा दुसऱ्या महिन्याच्या यादीत पहिल्या महिन्यातील, पैसे भरून मोकळे झालेले लोकही थकबाकीदार म्हणून आले आणि मला चारचौघांत ऐकून घ्यावे लागले. कारण असे की ती रिकामी यादी दर वेळी नव्याने तयार होत नाही. डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होते, आणि पुढची प्रत्येक हाक त्याच यादीत भर घालत राहते. त्याऐवजी यादी=नन असे लिहावे, आणि फंक्शनच्या आत यादी नन असल्यास नवी रिकामी यादी करावी.

दुसरे, पैशांचा हिशेब आहे म्हणून विचारतो: पूर्ण रुपयात व्याज कसे आणणार आहात? राउंड वापरणार असाल तर ६२५ रुपयांवर एका महिन्याचे व्याज १२.५ येते, त्याचे राउंड १२ होते. ६७५ रुपयांवर १३.५ येते, त्याचे मात्र १४ होते. पायथन ३ मध्ये राउंड बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. संख्याशास्त्रात त्याला कारण आहे, पण एका सभासदाचे पन्नास पैसे सुटले आणि दुसऱ्याचे धरले, हे गटाच्या बैठकीत कोणाला पटवून देणार?

कंसातला_कंस:

हा मुद्दा फंक्शनच्या दृष्टीनेही कामाचा आहे. पूर्णांकात आणण्याचा नियम व्याज या फंक्शनमध्ये कोंबू नका. त्याचे वेगळे लहान फंक्शन करा आणि सर्वत्र तेच वापरा, म्हणजे नियम बदलला तर एकाच ठिकाणी हात घालावा लागेल. दर, मुद्दल आणि महिने तिन्ही पूर्णांक असतील तर भागाकाराआधीचा गुणाकार त्या फंक्शनला द्यावा, त्यात ५० मिळवावे आणि दोन तिरक्या रेषांच्या, म्हणजे उरलेला अपूर्णांक सोडून देणाऱ्या, भागाकाराने १०० ने भागावे. ६२५ रुपयांसाठी १२५० अधिक ५० म्हणजे १३००, त्याला १०० ने भागल्यावर १३. ६७५ रुपयांसाठी तसेच १४. दर कधी दीड टक्का झाला, तर मात्र दशांश संख्या अचूक हाताळणारे पायथनचे डेसिमल मॉड्यूल वापरणे श्रेयस्कर.

जमाखर्च:

गटाच्या सचिवताईंना विचारले. पन्नास पैसे आले की वर धरायचे, हा आमच्याकडचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे आणि वहीत तसेच केलेले आढळले. त्याप्रमाणे पूर्ण_रुपये नावाचे फंक्शन केले, त्यात रिटर्न लिहिले, रिटर्नचा रकाना दोनदा तपासला आणि चौदाही सभासदांचे आकडे वहीशी ताडून पाहिले. तेरा जुळले. चौदाव्या ठिकाणी वहीत महिने एकाने जास्त धरले आहेत. ते कर्ज माझ्याच सासूबाईंचे असल्यामुळे पुढच्या बैठकीत तो विषय कोणी काढायचा, एवढाच प्रश्न आता शिल्लक आहे.