घुशीच्या बिळात गोळी टाकून मोकळं व्हायचं? मला अजिबात पटत नाही

माडवाली_दापोली
काल एकाने इथे लिहिलं की घूस झाली तर धान्यात ठेवायच्या दोन गोळ्या बिळात सोडा, वरून ओली माती लिंपा, सकाळी काम खलास. खाली सगळ्यांचे अंगठे. डोकंच फिरलं वाचून. अहो ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी आहे, ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. सरकारी खातं नाहीतर परवानावाले पेस्ट कंट्रोलवाले सोडून कोणाला विकायची नाही असा नियम असून बाजारात सर्रास मिळते. आणि आपली जमीन जांभ्याची, सगळी भेगाभेगांची. बिळाचं तोंड परड्यात असलं तरी दुसरं टोक न्हाणीमागे जोत्याखाली निघतं. वर पोरंबाळं झोपलेली असतात. आमच्या वाडीत एकांनी असंच केलं, पडवीत बांधलेला कुत्रा सकाळी मेलेला मिळाला.
संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी ज्याच्या तोंडाशी ताजा उकीर, म्हणजे उकरलेली माती, दिसेल तिथे पिंजरा लावा. सुका बांगडा नाहीतर भाजलेलं खोबरं घाला. पहिले काही दिवस पिंजरा नुसता उघडा ठेवायचा, घूस बुजरी असते.

सुरणवाला_गुहागर
ताई, गोळीचं बरोबर, पण पिंजऱ्याने पोट भरत नाही. सुरण आठ-नऊ महिने पोसायचा आणि काढायला जावं तर आतून पोकळ. एक घूस सापडली की दुसऱ्या दिवशी दुसरी त्याच बिळातून उकीर काढते. मी झिंक फॉस्फाइड, म्हणजे उंदीर मारायची विषारी पावडर, वापरतो आणि वापरणार. दोन दिवस नुसती तेल लावलेली भरड, तिसऱ्या दिवशी ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग पावडर. पहिल्याच दिवशी विष घातलंत तर एखादी थोडं खाऊन आजारी पडते आणि मग बाकीच्या तोंड लावत नाहीत, हे लोकांना कळत नाही आणि औषधाला शिव्या घालतात. पुडी बिळात आत सरकवायची, बाहेर नाही, मग कुत्रा कसा खाईल? तुम्हाला कुत्र्याचं पडलंय, माझी शहाळी पण ह्या घुशी पाडतात त्याचं काय?

माडवाली_दापोली
शहाळी घूस पाडत नाही! तो माडावरचा उंदीर, देठाजवळ भोक पाडतो. त्याला खोडावर माणसाच्या उंचीच्या वर हातभर रुंदीचा पत्रा गुंडाळा, चढताच येत नाही. घूस फार तर खाली माडाचं रोप कुरतडेल. आधी कोण खातंय ते बघा मग विष कालवा.

पिंगळा_देवरुख
धामण दिसली की काठी घेऊन धावतात आणि मग घुशी वाढल्या म्हणून रडतात!! आमच्या परड्यात धामण आहे, गव्हाणी घुबड आहे, कोणी हात लावत नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्या तर आणूच नका, उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस अर्धमेला फिरतो आणि तो घुबड नाहीतर मांजर खातं.

सिस्टर_कणकवली
विष घाला नाहीतर पिंजरा लावा, मेलेली घूस उघड्या हाताने उचलू नका. पिंजराही धुवा. पायाला जखम असताना पावसात चिखलात अनवाणी बेणायला जाऊ नका, उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा तापाचा आजार होतो. ताप आला की अंगावर काढतात आणि उशिरा आणतात, फार वाईट वाटतं.

बाळू_मालवण
तुमचां सगळां बरोबर, पण मूळ खंय आसा तां कोण बोलणा नाय. माझ्या गडग्यापलीकडची घरां बंद. गणपतीक येतत, आरती करतत, परत कुलूप. परड्यात माणसाएवढा रान, पडलेले नारळ, फणस थंयच कुसतत. घुशी थंय वाढतत आणि जेवूक माझ्याकडे येतत. मी किती पिंजरे लावू?

परळकर_मूळगाव_राजापूर
आलं परत चाकरमान्यांवर! घर कोणी हौसेने बंद ठेवत नाही हो. सातबाऱ्यावर चौदा नावं, फांदी तोडली तरी भावकीत भांडण. साफसफाईला पैसे पाठवले तर गड्याने दुसऱ्याच्याच परड्याचा फोटो पाठवला. आमच्या आईने लावलेल्या केळी तिथे आहेत, आम्हाला काय दुःख नाही? आणि गावात राहणारे ओला कचरा आमच्याच गडग्यात टाकतात ते पण लिहा की.

बाळू_मालवण
कचरो मी टाकणंय नाय. दुसऱ्याचा माझ्या माथ्यार मारू नको.

सुरणवाला_गुहागर
बाळूशेठचं शंभर टक्के खरं. शेजारी रान असेल तर ताईंचा पिंजरा काय आणि माझं विष काय, आठवड्यात नवीन बीळ. होमस्टेवाले पण तसेच, उरलेला भात मागच्या दारी.

परळकर_मूळगाव_राजापूर
म्हणजे सगळ्या घुशी मुंबईवाल्यांनी पाळल्यात का?

माडवाली_दापोली
भांडू नका. परळकर, पावसाआधी जोत्यापासून दोन-तीन हात तरी जमीन मोकळी करून घ्या, पडलेले नारळ उचलायला लावा, भावकीला एवढ्यावर हरकत नसावी. सुरणवाले, तुमची पुडी बिळात आत जात असेल तर एकवेळ समजू शकते, पण उरलेली पावडर घरात कुठे ठेवता तेवढं सांगा.

सुरणवाला_गुहागर
गोठ्यात, कुलपात. पत्र्याचं बघतो, पण माड बरेच आहेत आणि पत्रा महाग पडतो. पिंजरा मात्र लावणार नाही.

परळकर_मूळगाव_राजापूर
मे महिन्यात येतोय. बाळूशेठ, तुमच्याकडे बेणणीला खात्रीचा गडी असेल तर नंबर मेसेज करा, पैसे काम बघूनच देणार.