खर्र्याचे डाग अन् बोअरच्या पाण्याचे चट्टे: दात पांढरे कशानं होतील?

कापूसवाला: राम राम मंडळी. गाव पांढरकवड्याजवळ, वय २६. वरच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून पिवळट-तपकिरी चट्टे आहेत. त्यात चार वर्षं खर्रा (सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून केलेला), आता दोन महिन्यांपासून बंद. बाजारात कोळशाची पेस्ट आहे, मेडिकलवर जेल भेटते, कोणी लेझर सांगते. नेमकं कामाचं काय? पैसा वाया जाऊ नये, एवढंच पाह्यजे.

दाढदुखी: भाऊ, तुमच्या तोंडात दोन जातीचे डाग आहेत. खर्र्याचा डाग दाताच्या वरून बसतो. हिरडीलगत, दातांच्या फटीत आणि खालच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला तो जास्त असतो, नख फिरवलं तर खरखर लागते. हा स्केलिंगनं, म्हणजे दवाखान्यात यंत्रानं दात साफ करून, निघतो. स्केलिंगनंतर पॉलिशिंग नक्की करून घ्या, नाहीतर खडबडीत जागेवर डाग लवकर चढतो. स्केलिंगनं दात हलतात ही भीती सोडा. दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाचा (दातावर साचलेल्या कडक थराचा) टेकू निघाला की ते कळतं.

दुसरा डाग बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत हे पाणी आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. साधारण आठव्या वर्षापर्यंत, दात हिरडीच्या आत घडत असतानाच हा डाग पडतो, म्हणून डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर तो सारखाच दिसतो. किती घासा, निघत नाही. घरात लहान लेकरं असतील तर पाणी तपासून घ्या. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं.

अन् खर्रा खाल्लेल्यानं एक तपासणी आधी करावी. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, किंवा गालात न पुसला जाणारा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दात पांढरे करायचं राहू द्या, आधी तोंड डॉक्टरला दाखवा. वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेला किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात सोय आहे.

पेरॉक्साइड: जेलबद्दल. त्यातला हायड्रोजन पेरॉक्साइड एनॅमलमधून (दाताच्या वरच्या कडक थरातून) आत शिरतो आणि रंग देणारे मोठे रेणू तोडतो. तुटलेले रेणू उजेड कमी शोषतात, म्हणून दात उजळ दिसतो. दात खरवडला जात नाही. लेझर-दिव्याचा भपका मोठा, पण काम जेलच करतं.

सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे दातांवर चढवायचा, दाताच्या मापाचा पातळ ट्रे अन् १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचं जेल. त्यातून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतो. ट्रेत प्रत्येक दातासमोर तांदळाच्या दाण्याएवढा थेंब पुरे. हिरडीवर आलेलं जेल बोटानं पुसा. रात्रभर ठेवा, दोन आठवडे. दवाखान्यात ३५ टक्क्यांचं जेल हिरडी झाकून लावतात. ते लवकर होतं, पण ठणका जास्त. मेडिकलवरचा सरसकट मापाचा ट्रे घेऊ नका, त्यातून जेल हिरडीवर गळून ती पांढरी पडते, जळते.

जेल फ्रिजमध्येच ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात कपाटात राहिलं तर ताकद उतरते, अन् मग लोक म्हणतात, जेल खोटं होतं.

दातात कळ आली तर एक रात्र सोडून लावा. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आधी दोन आठवडे वापरली तर ठणका कमी राहतो. गर्भवती बाईनं अन् १८ वर्षांखालच्यांनी हे करू नये.

राखुंडी: घरगुती उपायांचं एका दमात सांगतो. लिंबू नको, एनॅमल साधारण ५.५ पीएचखाली (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त) विरघळायला लागतं अन् लिंबाचा पीएच दोनच्या आसपास. राख, विटेचा भुगा, मीठ अन् कोळशाची पेस्ट नुसती घासतात. वरचा थर झिजला की खालचं पिवळं डेंटिन दिसतं, दात आणखी पिवळा. दाताला लावायच्या गुडाखूत तर तंबाखूच आहे.

कापूसवाला: समजलं. पण तपकिरी चट्टे जेलनं जातील काय? अन् एका दाताला कॅप आहे.

दाढदुखी: फिकट पिवळेपणा उतरेल. खडूसारखे पांढरे ठिपके पहिल्या आठवड्यात जास्त उठून दिसतात, घाबरून बंद करू नका, मग बाकीचा दात उजळतो. गडद तपकिरी चट्ट्याला मायक्रोअॅब्रेशन लागतं, म्हणजे: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल अन् खरखरीत पावडर यांनी डॉक्टर वरचा पातळ थर काढतात. रबराचं आवरण लावून, दवाखान्यातच. त्यानंतर फ्लोराइड लावतात. डाग खोल असेल अन् खड्डे पडले असतील, तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण.

कॅप पांढरी होत नाही. म्हणून आधी दात उजळून घ्या, मग त्या रंगाशी जुळणारी नवी कॅप करा. कंपोझिट भरायचं असेल तर ब्लीचिंगनंतर (जेलनं दात उजळल्यावर) दोन आठवडे थांबा, दातात उरलेला ऑक्सिजन त्याला नीट चिकटू देत नाही. ब्लीचिंगनंतर पहिले दोन दिवस काळा चहा, हळदीचा रस्सा टाळा. तुमचा क्रम: तपासणी, स्केलिंग, ट्रे, मग लागलं तर मायक्रोअॅब्रेशन.