मदत हवी आहे: उणे २० अंशांत डमी बॅटरीला कोणती वायर?

फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीत, ‘की’ नावाच्या बौद्ध मठाच्या परिसरात, रात्रीचा टाइमलॅप्स घ्यायचा आहे. पारा उणे २०च्याही खाली जातो. एवढ्या थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होतो. खिशात ऊब दिली की तीच बॅटरी परत चालते, पण टाइमलॅप्स मध्येच थांबवून बॅटरी बदलली की फ्रेम हलतेच.

म्हणून पॉवरबँक लोकरी मोज्यात, सोबत हँडवॉर्मर (विरळ हवेत तो कमी तापतो, हे धरलंय) आणि तिथून वायरने डमी बॅटरी (कॅमेऱ्यात बॅटरीच्या जागी बसणारा, बाहेरून वीज घेणारा ठोकळा), अशी जोडणी केली. घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ला, पॉवरबँक टिकली. डमी बॅटरीची पीव्हीसी वायर मात्र ताठ झाली आणि वाकवल्यावर तिचं वेष्टण चिरलं.

सिलिकॉन वेष्टणाची वायर मऊ राहते, तीच घालणार. सोल्डरिंग स्वतः करेन. लांबी दीड मीटर, ७.२ व्होल्ट, शटर उडताना साधारण २ अँपिअर. वायर जास्त जाड नको, बॅटरीच्या झाकणाची खाच अरुंद आहे.

२० गेज (गेजचा आकडा कमी, तितकी वायर जाड) पुरेल, की व्होल्टेज पडू नये म्हणून १८च घ्यावी? आणि कोल्हापुरात शाहूपुरी किंवा उद्यमनगरात अशी वायर मीटरवर सुटी कुठे मिळेल?