डूलॅली म्हणजे आपले देवळाली
इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ (doolally) म्हणतात. हे मुळात एका गावाचे नाव, पण या रूपात ते नकाशावर सापडत नाही. ते नाशिकजवळचे देवळाली होय. ब्रिटिश काळात तेथील लष्करी छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबत. जहाजे प्रामुख्याने हिवाळ्यातच सुटत असल्याने काहींना महिनोन्‌महिने रिकामे बसावे लागे, आणि उन्हाळा, दारू व हिवताप यांपायी एखाद्याचे डोके फिरले की त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणत. यातला ‘टॅप’ हा चक्क आपला ताप आहे! पुढे तो गळाला. आज ‘गॉन डूलॅली’ हा प्रयोग ‘भ्रमिष्ट झाला’ या अर्थी, मुख्यतः ब्रिटिश बोलीत आणि थट्टेने होतो; औपचारिक लेखनात तो शोभत नाही.